एका वेळी एकच बाजू

"दाब!"

व्हर्नाने पेडल दाबलं.

"धर. धर... धरलंस का?"

"धरलंय रे बाबा. चौपन्न वर्षं हेच करतेय, आज काय नवीन?"

गाडीची मागची दोन्ही चाकं काढून ठेवली होती. उजवीकडच्या रिकाम्या जागेपाशी पाठीखाली जुनं पोतं घालून अल्बी आडवा पडला होता. त्याने पाना अर्धा आटा फिरवला. ब्रेकच्या कॅलिपरवर हवा काढायचं जे निपल असतं, त्याला लावलेल्या पारदर्शक नळीतून ब्रेक ऑइल मुरंब्याच्या बरणीत उतरलं, आणि इकडे व्हर्नाच्या पायाखालचं पेडल सावकाश खाली जाऊन तळाला टेकलं. अल्बीने निपल आवळलं.

"सोड!"

तिने पाय उचलला.

"आता दोन-तीनदा मारून बघ. कसं लागतंय?"

"मऊ."

"मऊ म्हणजे कितपत मऊ?"

"गादीवर पाय दिल्यासारखं. अल्बी, सकाळी होतं तसंच आहे."

"असं कसं असेल? नळीत एक बुडबुडा नाही! तूच नीट दाबत नसशील. त्या बुटात पाय आहे की ओंडका?"

ओंडका काय, व्हर्नाचा उजवा पाय म्हणजे या घरातलं सगळ्यात भरवशाचं अवजार होतं. दुसरी जोडपी एकमेकांशी काय काय बोलतात देव जाणे. या दोघांचा संसार दाब, धर, सोड या तीन शब्दांवर निभावला होता. स्वतःची गाडी, शेजाऱ्यांच्या गाड्या, चर्चची व्हॅन, अल्बीने शनिवारी ज्याचे ज्याचे म्हणून ब्रेक केले, त्या प्रत्येक गाडीत पेडलवर व्हर्ना बसली होती. गाडी चालवायला ती कधी शिकली नाही, आणि आता तर डोळ्यांत मधोमध डाग पडल्यामुळे तो प्रश्नच मिटला. पण चांगलं पेडल कुठे थांबतं ते तिच्या पायाला झोपेतसुद्धा कळलं असतं. हे पेडल कुठेच थांबत नव्हतं.

शनिवारचे साडेनऊ वाजले होते. ऑगस्टमधलं, म्हणजे इथल्या हिवाळ्यातलं ऊन, वर गार बोचरा वारा. पत्र्याच्या शेडचं दार वाऱ्याने कुरकुरत होतं आणि शेजारच्या मिरी-झाडावर पांढऱ्या काकाकुव्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. आजच्या आज हे पेडल कडक व्हायला हवं होतं, आणि तेही अल्बीच्याच हातून.

त्याचं असं झालं होतं. मंगळवारी अल्बी गाडी वार्षिक तपासणीला घेऊन गेला. पास झाल्याची गुलाबी चिठ्ठी मिळाल्याशिवाय गाडीची नोंदणी पुढे चालू राहत नाही. तपासणारा डॅरन म्हणजे अल्बीचाच जुना चेला. खाणीत पंप-फिटर म्हणून अल्बीने अडतीस वर्षं काढली, तेव्हा त्याच्या हाताखाली जी पोरं शिकली त्यांतलं हे शेवटचं. आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, ढेरी सुटली होती, पण अल्बीसमोर अजून टोपी काढून बोलायचा. "बॉस, मागचे दोन्ही कॅलिपर जाम झालेत. पिस्टन गंजलेत. चिठ्ठी नाही देता येणार," एवढं सांगतानाही त्याची मान खाली होती. "माझ्याकडे सोडा, गुरुवारपर्यंत करून देतो."

"तू करून देणार? मला?" अल्बी म्हणाला होता. "लेका, सील कसं बसवायचं ते तुला कुणी शिकवलं? शनिवारी दुपारी बाराच्या आत गाडी आणतो. चिठ्ठी लिहून ठेव."

त्याच संध्याकाळी अ‍ॅडलेडहून मुलाचा फोन. रसेल गेलं वर्षभर एकच टुमणं लावून होता. गाडी विका, घर विका, आमच्याकडे या, मागची खोली तयार आहे. आणि त्याचं काय चुकत होतं म्हणा? मागच्या नाताळात बाबांनी त्याला दोनदा आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारली, ते काय त्याने ऐकलं नव्हतं? पण व्हर्नाने त्या दिवशी हट्ट केला. ज्या गल्लीत जन्मली तिच्यापासून दोन गल्ल्या सोडून तिने संसार केला होता. दारातून खाणीचा काळा ढिगारा दिसला नाही तर सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही. ती म्हणाली, "रसेल, ऐक. तुझ्या बाबांनी स्वतःच्या हाताने ब्रेक केले आणि चिठ्ठी मिळवली, तर पुढच्या ऑगस्टपर्यंत तू हा विषय काढायचा नाहीस."

"आणि नाही जमलं तर?"

"तर येऊ आम्ही."

रसेल म्हणाला, "ठीक आहे, आई. पैज." पैज कसली, व्हर्नाने घर पणाला लावलं होतं. आणि अल्बीला त्यातलं काही माहीत नव्हतं.

आता कुणी म्हणेल, एवढा विश्वास कशावर? तर हातांवर. अल्बीच्या डोक्याचं काय चाललंय ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दूध आणायला गेलेला माणूस दोन तासांनी हात हलवत परत आला, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी तीच उभी होती. गाडीची दुसरी किल्ली त्याने दोन वर्षांपूर्वी कुठेशी ठेवली, ती आजतागायत सापडली नव्हती. शेडच्या भिंतीवर त्याने प्रत्येक अवजाराची पांढऱ्या रंगात आकृती काढून ठेवली होती, हातोडीच्या आकृतीत हातोडी, पक्कडीच्या आकृतीत पक्कड, म्हणजे काय जागेवर नाही ते एका नजरेत कळावं. गेले काही महिने हातोडीच्या जागी करवत लटकू लागली होती. रोज संध्याकाळी तो बातम्या बघायला बसला की व्हर्ना शेडमध्ये जायची आणि अवजारं आपापल्या जागी लावून यायची. तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं, देवालासुद्धा नाही.

पण हात! हात अजून शहाणे होते. बुधवारी, गुरुवारी ती शेडमध्ये उलट्या खोक्यावर चहा घेऊन बसली होती आणि बघत होती. पिस्टनसमोर लाकडाचा तुकडा धरून त्याने पंपाची हवा मारली. पिस्टन फट्‌दिशी बाहेर आला आणि तो लहान मुलासारखा हसला. जुनं सील काढायला त्याने लोखंडाची सुई घेतली नाही, दात कोरायची काडी घेतली. "खाचेला ओरखडा गेला की संपलं," तो म्हणाला. "डॅरनला हे सांगता सांगता माझे केस गळाले." सगळं स्पिरिटने धुतलं. नवं सील ब्रेक ऑइलमध्ये भिजवलं, बोटाने खाचेत बसवलं, बोट गोल फिरवून कुठे पीळ नाही ना ते डोळे मिटून पाहिलं. मग नवा पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत. ना घाई, ना चूक. व्हर्नाचा ऊर भरून आला होता. म्हातारा आहे अजून जागेवर, असं तिच्या मनाने घेतलं.

एकच गोष्ट तेव्हा तिला टोचली होती. बाकावर दोन्ही कॅलिपर होते. एकदम. सुटे करून, शेजारी शेजारी.

अल्बीचा नियम साऱ्या खाणीत माहीत होता. शिकाऊ पोराला तो पहिल्या दिवशी पाना द्यायचा नाही, नियम द्यायचा. एका वेळी एकच बाजू. डावी उघडलीस तर उजवीला हात लावायचा नाही. अडलास तर जाऊन उजवी बघ. ती तुझी वही. दोन्ही वह्या फाडून बसलास तर उत्तर कुणाला विचारणार, मला? मी तुझ्या थोबाडीत देईन. चौपन्न वर्षांत त्याने स्वतः हा नियम कधी मोडला नव्हता. व्हर्ना तोंड उघडणार होती. मग वाटलं, आपल्याला काय कळतंय. त्याला घाई असेल. ती गप्प बसली आणि चहा प्यायली.

"दाब!" मागून हाक आली.

तिने दाबलं. असं आणखी पाऊण तास. ऑइलची दुसरी बाटली संपली, तिसरी फोडली. उजवी बाजू, मग डावी, मग परत उजवी. दर वेळी स्वच्छ सोनेरी ऑइल, बुडबुड्याचा मागमूस नाही, आणि पेडल आपलं गादी ते गादीच. अल्बीच्या हाका आधी मोठ्या झाल्या, मग चिडक्या झाल्या, मग बारीक. साडेदहाला तो उठून बसला. "बाथरूमला जाऊन येतो," म्हणाला आणि भिंतीचा आधार घेत घरात गेला.

व्हर्ना गाडीतून उतरली. गुडघे कुरकुरले. मागच्या चाकाच्या कमानीशी ती एका हाताने पत्रा धरून खाली बसली. डोळ्यांतल्या डागामुळे सरळ बघितलं की मधलं दिसायचं नाही, म्हणून तिने मान वाकडी करून कडेने पाहिलं. तरी खात्री वाटेना, तेव्हा बोटांनी चाचपलं. कॅलिपरची वरची कड. गुळगुळीत, तिथे काही नाही. बोटं खाली गेली. अगदी तळाशी, जमिनीकडे तोंड करून, ओलं निपल.

ती दुसऱ्या बाजूला गेली. तिथेही तसंच.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सासऱ्याची निळी गाडी आणि व्हर्ना पहिल्यांदा पेडलवर बसलेली. अल्बीने तिला समजावायला गरम पाण्याची रबरी पिशवी भरून आणली होती. उलटीसुलटी करून दाखवली. "बघ, बुडबुडा कुठे पळतो? वर. हवा नेहमी वर पळते. म्हणून निपल वर. तोंड खाली असलं तर ऑइल निघून जाईल, हवा आत बसून तुला वाकुल्या दाखवील. जन्मभर दाबत बसलीस तरी पेडल मऊच." मग ती पिशवी त्याने तिच्या मानेवर रिकामी केली होती, आणि दोघं भिजेपर्यंत हसली होती.

डाव्या-उजव्या बुटांसारखे असतात हे कॅलिपर, जवळजवळ सारखे. एकाच्या जागी दुसरा बसतोसुद्धा. दोन्ही बाकावर एकत्र होते, आणि त्याने डावा उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. आणि त्या खाली तोंड केलेल्या निपलला तो सकाळपासून स्वतःच्या हाताने नळी लावत होता. दोन तास. नाकासमोर.

व्हर्ना तशीच जमिनीवर बसून राहिली.

घराचं जाळीचं दार आपटलं. अल्बी तोंड धुऊन आला होता, केसांवरून पाणी गळत होतं. "तू खाली काय करतेस? पडलीस की काय?"

"नाही रे. बघतेय." तिने आवाज सरळ ठेवला. त्याला वाट करून द्यायची होती. त्याचं त्यालाच दिसलं तर मग काहीच बिघडलेलं नाही, अर्ध्या तासाचं काम, आणि हसायला एक गोष्ट. "अल्बी, मला जरा परत सांग ना. हवा कुठे जाते म्हणालास?"

"आता शिकणार? पंचाहत्तरी उलटल्यावर?" तो हसला. तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि त्याचा आवाज एकदम मास्तरचा झाला, स्वच्छ, न अडखळता. "हवा नेहमी वर. म्हणून निपल नेहमी वर. डावं-उजवं अदलाबदल करणारे गाढव असतात ना, त्यांची निपलं खाली जातात, आणि मग बसतात दिवसभर बोंबलत. हे बघ."

त्याने हात आत घातला आणि जमिनीकडे तोंड केलेल्या त्या निपलवर बोट ठेवलं. "वर," तो म्हणाला.

व्हर्ना त्याच्या बोटाकडे बघत राहिली.

"हे... वर आहे, अल्बी?"

त्याने बोटाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग परत बोटाकडे. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. काळोख्या खोलीत पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं. ओठ हलले. ती श्वास धरून थांबली. बघ, माझ्या राजा, बघ ना, एकदा बघ.

"मग काय खाली आहे?" तो खेकसला. "दोन्ही डोळे गेले वाटतं तुझे! जा, बस पेडलवर."

ती जाऊन बसली. दुसरं काय करणार होती? दाब. धर. सोड. दाब. धर. मग "सोड" आलंच नाही. ती पाय दाबून वाट बघत राहिली. पोटरीत गोळा आला. मागून काहीच आवाज नाही.

"अल्बी?"

"व्हर्ना," तो म्हणाला. चाकाशी जमिनीवर बसून तो हात पुढे धरून बघत होता, तळवे, मग मागची बाजू. "हे हात माझेच आहेत ना गं?"

"असं काय बोलतोस?"

"सगळं बरोबर केलंय मी. एकेक गोष्ट. मग का होत नाही? मला काहीतरी दिसत नाहीये, व्हर्ना. इथंच आहे, समोरच आहे, आणि मला दिसत नाहीये. तू सांग. तुला माहीत असेल तर सांग ना."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायलासुद्धा विसरला होता. व्हर्नाच्या जिभेवर शब्द आले होते. अरे बाबा, उलटे लागलेत. एवढंच तर सांगायचं होतं. तो उठला असता, त्याने चूक बघितली असती, कदाचित सुधारलीही असती. आणि मग? डावं-उजवं अदलाबदल करणारा गाढव आपणच, हे त्याला कळलं असतं, आणि ते उद्यापर्यंत विसरण्याची दया त्याच्या डोक्याने दाखवलीच असती असंही नाही. पुढच्या खेपेला काय? लाल दिवा त्याच्या समोर असणार आणि तो म्हणणार, हिरवा. कॅलिपर डॅरनने तासाभरात नीट केले असते. बिघाड कॅलिपरमध्ये नव्हताच. तिने पैज लावली होती आणि ती हरली होती. रसेलला अजून कळायचं होतं, एवढंच.

तिने पेडल एकदा दाबलं. ते तळाला गेलं.

"अल्बी!" ती ओरडली. "अरे, लागलं! कडक लागलं!"

"काय?"

"दगडासारखं! शेवटच्या वेळी निघाली वाटतं हवा. देवाशपथ. माझ्या पायाला कळत नाही का?"

चौपन्न वर्षांत तो पाय त्याच्याशी खोटं बोलला नव्हता. म्हणूनच त्याने ते मानलं. तो तसाच बसल्या जागी हसायला लागला, मग बाहीने नाक पुसलं. "म्हातारे, म्हातारे! म्हणजे माझंच बरोबर होतं. सांगत होतो ना मी? कुठेतरी कोपऱ्यात दडून बसली होती अवदसा." आणि तो उठला, चाकं लावायला लागला, शीळ घालत. "चल, आवर. सव्वाअकरा झालेत. डॅरनच्या नाकावर टिच्चून चिठ्ठी आणतो. पहिल्या वळणावर असा ब्रेक मारतो की तुझी कवळी बाहेर पडेल."

व्हर्ना अजून गाडीतच बसली होती. किल्ली स्टिअरिंगपाशी तिच्या जागीच लटकत होती. तिने ती काढून मुठीत घेतली. मागे चाकाचे नट एकामागून एक आवळले जात होते. मोजून दहा, दोन्ही चाकांचे. शेडच्या दाराशी जुन्या काळ्या ऑइलचं पिंप होतं, वीस लिटरचं, झाकण उघडं. ती उतरली, पिंपाला टेकून उभी राहिली, जशी नेहमी दम खायला उभी राहायची, आणि मूठ सोडली. किल्लीने आवाजसुद्धा केला नाही.

"आता किल्ली दे," अल्बी जॅक उतरवून हात पुसत म्हणाला.

"गाडीतच आहे ना?"

"नाही."

"मग तू घेतलीस."

"मी? मी खाली होतो. गाडीत तू बसली होतीस."

"अरे देवा," व्हर्ना म्हणाली. "मग ठेवली कुठे मी?"

मग सुरू झाली शोधाशोध. सीटखाली, पायपुसण्याखाली, बाकावर, खोक्यात. तिने स्वेटरचे खिसे उलटे करून दाखवले. अल्बी घरात गेला, स्वयंपाकघरातले ड्रॉवर पालथे घातले, आणि शेवटी फ्रीजसुद्धा उघडला. "लोक फ्रीजमध्ये ठेवतात म्हणे," तो गंभीरपणे म्हणाला. "मी ऐकलंय." किसलेल्या गाजर-चीजच्या भांड्यामागेही त्याने हात घालून पाहिलं. पिंपाजवळून तो चारदा गेला. घड्याळात बारा वाजून गेले आणि डॅरनचं गॅरेज बंद झालं.

आता हा चिडणार, असं व्हर्नाला वाटत होतं. ओरडावं त्याने, खुशाल ओरडावं. पण अल्बी शेडच्या दारात येऊन थांबला आणि तिच्याकडे निराळ्याच नजरेने बघायला लागला. ती नजर तिच्या ओळखीची होती. गेली दोन वर्षं ती त्याच्याकडे अशीच बघत आली होती.

"व्हर्ना," तो हळूच म्हणाला. "हे असं... आधीही झालंय का गं? तुझ्या बाबतीत?"

तिला रडू फुटलं. ते मात्र खरं होतं, पोटातून आलेलं, आवरेना. अल्बीने तिला जवळ घेतलं. त्याच्या हातांना स्पिरिटचा आणि रबराचा वास येत होता.

"अगं वेडे, किल्लीच तर आहे. माणूस आहे, विसरतो. सोमवारी डॅरनला सांगू, तो नवी करून आणील. तू घाबरू नकोस. मी आहे ना? आपल्या दोघांचं मी ठेवीन लक्षात."

डॅरनला काय सांगायचं ते सोमवारी सकाळी व्हर्ना आधी सांगणार होती. तो टोपी हातात घेऊन ऐकेल आणि किल्ली यायला महिने लावील. पोरगा शहाणा होता.

दीड वाजता, फुटबॉल सुरू व्हायच्या आधी, नेहमीप्रमाणे रसेलचा फोन आला. तो अल्बीने घेतला. व्हर्ना स्वयंपाकघरात पावाला लोणी लावत होती. त्याने आवाज खाली केला, पण हल्ली त्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्याचं हळू बोलणं अख्ख्या घराला ऐकू जायचं.

"झाले ब्रेक. एकदम कडक. विचार तुझ्या आईला... नाही, चिठ्ठी नाही मिळाली. ऐक ना, रसेल. तुझ्या आईला बरं नाही रे. अंगाने नाही, डोक्याने. आज किल्ली हरवली, आणि मग ढसाढसा रडली. आधीपासून होत असणार, लपवत होती माझ्यापासून. नाही नाही, तू तिला काही बोलू नकोस, तिला लाज वाटेल." त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "तुझी ती मागची खोली रिकामी आहे अजून? मी काय म्हणतो, माझं सोड, मी इथे मरेपर्यंत राहिलो असतो. पण तिला एकट्याने सांभाळणं मला नाही जमणार. तिच्यासाठी म्हणून विचारतोय."

व्हर्नाच्या हातातली सुरी थांबली होती. रसेलने वर्षभर डोकं आपटून जे झालं नव्हतं, ते असं झालं.

"ये, बोल त्याच्याशी," अल्बीने रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून शेजारीच उभा राहिला.

"आई?" रसेलचा आवाज चिरका झाला होता. "बाबा काय म्हणतायत? मला तर वाटत होतं की बाबांनाच... आई, तू विसरायला लागलीस?"

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. डागाच्या कडेने खाणीचा काळा ढिगारा दिसत होता.

"हो रे," ती म्हणाली. "होतं हल्ली असं."

"पुढच्या शनिवारी येऊ?"

"ये. ट्रेलर घेऊन ये."

रात्री जेवण झाल्यावर अल्बी टीव्हीसमोर बसला नाही. तिला हाताला धरून शेडमध्ये घेऊन गेला. मुरंब्याच्या बरणीतलं सकाळचं ऑइल त्याने पिंपात ओतलं आणि झाकण घट्ट आवळलं. मग पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक कुंचला काढला, भिंतीवर पक्कडीच्या शेजारी एक मोकळी जागा शोधली आणि रंगवायला लागला. हात जरासुद्धा थरथरला नाही. आधी गोल डोकं, त्यात भोक, मग लांब दांडा, मग दात, एकेक, लहान-मोठे. किल्ली समोर नव्हती. तरी व्हर्नाने मान वाकडी करून बघितलं तेव्हा तिला दिसलं की एकही दात चुकला नव्हता.

आकृतीच्या वर त्याने एक खिळा ठोकला.

"सापडली की इथेच लावायची," तो म्हणाला. "म्हणजे तू विसरणार नाहीस."

"नाही विसरणार," व्हर्ना म्हणाली.

त्याने हातोडी उचलून करवतीच्या आकृतीत टांगली. दिवा मालवला आणि पायरीवरून उतरताना तिचा दंड धरला, ती पडू नये म्हणून.